जावेची विजेची गाडी

युगादी, म्हणजे पाडवा, आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या जे. पी. नगरातली होंग्याची झाडं फुलतात. महाराष्ट्रात या झाडाला करंज म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही जावेकडून. फुलं इवलीशी, पांढऱ्यावर जांभळट झाक असलेली. फांदीवर कुणाच्या लक्षात येत नाहीत, खाली पडली की सगळा रस्ता झाकून टाकतात. चपलेखाली ती बारीक चुरचुरतात. दुपारच्या उन्हात त्यांचा कडसर गोड वास घरात येतो, आणि तो आला की इतकी वर्षं लोटली तरी माझ्या छातीत काहीतरी टोचतं. लोकांना ऋतूंबरोबर आंबे आठवतात, परीक्षा आठवतात, सुट्ट्या आठवतात. मला चैत्राबरोबर माझी जाऊ आठवते, आणि त्या एका उन्हाळ्यात तिचा मी केलेला हेवा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वीज मंडळाच्या नियंत्रण कक्षात इंजिनिअर होते. राज्यात कुठं किती वीज तयार होते आणि कुठं किती जाते, त्याचा मेळ घालायचं ते ठिकाण. एक भिंतभर नकाशा, त्यावर लाल-हिरवे दिवे, खाली टेलिफोनांची रांग आणि मधोमध विजेच्या आवर्तनांचा एक गोल मीटर. त्या मीटरचा काटा पन्नासवर असला की राज्यातले पंखे, गिरण्या, शेतातले पंप सगळे सुखात. लोकांनी जास्त वीज ओढली की काटा खाली सरकायला लागायचा. तो फार खाली गेला तर सगळं जाळंच कोसळणार. म्हणून तो कलायला लागला की आम्ही फोन उचलायचा आणि एखाद्या भागाची वीज बंद करायला सांगायची. एका भागाच्या तारेला फीडर म्हणतात. कुठला फीडर कधी बंद करायचा याच्या पाळ्या ठरलेल्या असत, आणि उन्हाळ्यात त्या वर्तमानपत्रात छापून येत. लोक त्या पाहून गिरणीत जायचे, मिक्सर लावायचे, मुलांना अभ्यासाला बसवायचे.

चैत्र म्हणजे आमचा वाईट महिना. घाटातल्या मोठ्या धरणाची पातळी रोज सकाळी फोनवर यायची, आणि सांगणाऱ्याचा आवाज रोज थोडा बारीक होत जायचा. पाऊस अजून लांब. शहरात पंखे गरगरा फिरतायत. तशात त्या वर्षी कोरड्या भागातल्या एका टेकडीवर नव्या पवनचक्क्या बसल्या होत्या आणि त्यांची वीज आमच्या जाळ्यात यायला लागली होती. आमचे शिफ्ट इन्चार्ज नंजुंडप्पा सर त्यांना 'अळिय' म्हणायचे. अळिय म्हणजे कन्नडमध्ये जावई. मनात आलं तर येणार, मनात आलं तर उठून जाणार, आणि आला की मान द्यायलाच हवा. धरणाला सांगून पाणी सोडता येतं, कोळशाच्या केंद्राला दटावता येतं, वाऱ्याला कोण सांगणार? माझे सहकारी या जावयावर वैतागायचे. मला मात्र त्याचा नाद लागला होता. तो कधी रुसतो, कधी खुलतो, हे मी आकाश बघून आणि टेकडीवरच्या ऑपरेटरला फोन करून करून ओळखायला शिकले होते.

हे सगळं माझ्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मी नोकरी करते हे माहीत होतं. कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, डबा घेऊन मी बसनं जाते, शिफ्ट संपली की येते, एवढं. माझं काम नीट झालं की काहीच घडायचं नाही. दिवा जळत राहतो, आणि जळणाऱ्या दिव्याकडे बघून कुणी 'वा' म्हणत नाही. वीज गेली की मात्र सगळी गल्ली माझ्याकडे बघायची. समोरच्या घरातून हाक यायची, "सुधा अक्का, करंट केव्हा येणार?"

मंजिरी माझ्या धाकट्या दिराची, रघूची बायको. पुण्याची. ती आमच्या घरी येण्यापूर्वी मला आमच्या भाषेत काही कमी आहे असं वाटलं नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज घोड्यांबरोबर इकडे आले, असं माझे सासरे सांगायचे. पुढे घोडे गेले, आम्ही राहिलो, आणि आमच्या मराठीत कन्नड मुरत गेलं. आम्ही 'पाऊस येऊन सोडला' म्हणतो, 'दूध उतू जाऊन सोडलं' म्हणतो. मंजिरीनं पहिल्या आठवड्यातच ते ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. "अक्का, किती गोड बोलता हो तुम्ही!" ती हसली असती तर मी भांडले असते. तिला खरंच गोड वाटलं होतं, त्यामुळे मला काही करता येईना. त्याहून वाईट म्हणजे आमच्या सासूबाई, अम्मा, ज्या जन्मभर 'स्वल्प थांब' म्हणत आल्या, त्या मंजिरीसमोर 'जरा थांब' म्हणायला लागल्या.

मंजिरीही इंजिनिअरच. ती बेळ्ळंदूरला एका लहानशा कार्यशाळेत कामाला लागली. आजचं बेळ्ळंदूर बघणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण तेव्हा ते तळ्याकाठचं खेडं होतं. म्हशी डुंबायच्या, सर्जापूर रोडला दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं होती, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहाजण विजेवर चालणारी गाडी बनवत होते. कुणाची तरी जुनी व्हॅन घेऊन तिचं इंजिन काढून टाकलं होतं. तिथं मोटर बसवली होती आणि सीटखाली जड, काळ्या बॅटऱ्यांची रांग. चालवून बघण्यासाठी मंजिरी ती व्हॅन घरी आणायला लागली.

ती पहिल्यांदा आली तो दिवस माझ्यासमोर आहे. मी सकाळची शिफ्ट करून आले होते आणि गेटापाशी भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती. मागून काहीतरी आलं आणि आवाज झालाच नाही. होंग्याच्या फुलांवरून फक्त चाकं सरकल्याची सळसळ. भाजीवाला दचकून बाजूला झाला, गाडीकडे बघत राहिला आणि मला पैसे परत द्यायचे विसरला. मंजिरी खिडकीतून बाहेर झुकली आणि म्हणाली, "अक्का, चला की, एक चक्कर!" पाच मिनिटांत सगळी गल्ली गोळा झाली. मुलं, पेन्शनर, समोरची इस्त्रीवाली. मी सोळा वर्षं या गल्लीतल्या प्रत्येक बल्बची काळजी वाहिली होती. एकदाही कुणी गोळा झालं नव्हतं.

हेवा कसा असतो, ते मला त्या महिन्यात नीट कळलं. तो आग वगैरे नसतो. फोडणीत जिरं जरा करपावं तसा असतो. सगळं जेवण चांगलं झालेलं असतं, पण प्रत्येक घासाला तो कडवटपणा जिभेवर येतो. माझे यजमान श्रीधर कॉलेजात गणित शिकवायचे आणि जेवताना फारसं बोलायचे नाहीत. तेही आता विचारायचे, "काय मंजिरी, आज किती लांब गेली गाडी?" मी ताटात बघत भात कालवायची. मला कधी कुणी विचारलं होतं का, आज काटा किती खाली गेला म्हणून?

त्यातून एक दिवस भांडणाला निमित्त मिळालं. मी दुपारच्या शिफ्टमधून लवकर सुटून संध्याकाळी घरी आले, तर पोर्चमध्ये व्हॅन उभी, तिच्यातून निघालेली जाड वायर घरातल्या प्लगमध्ये खोचलेली, आणि घरातले दिवे मंदावलेले. बॅटऱ्यांचा आंबूस वास सुटला होता. मी चप्पल न काढताच ओरडले.

"मंजिरी! ही काय वेळ आहे गाडी चार्जिंगला लावायची? आत्ता सगळं शहर दिवे लावतंय, स्वयंपाक करतंय, टीव्ही बघतंय. आम्ही तिकडं एकेक फीडर तोडून काटा सांभाळतोय, आणि तू इथं अख्ख्या घराइतकी वीज एकटी ओढतेयस?"

ती बाहेर आली. मला वाटलं, उलट बोलेल. ती म्हणाली, "मग कधी लावू?"

"सगळे झोपले की लाव. तेव्हा वीज पडून असते. कधी कधी वारा तर तेव्हाच जोरात असतो आणि त्याची वीज घ्यायला कुणी नसतं. मग आम्हालाच दुसरीकडचं जनित्र मंद करावं लागतं."

"थांबा, थांबा," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. "पडून असते म्हणजे? ठेवता येत नाही?"

"वीज काय लोणचं आहे का बरणीत भरून ठेवायला? ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते."

"पण बॅटरीत ठेवता येते," ती म्हणाली. दोघींच्याही लक्षात एकदमच आलं होतं.

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग मी बोलत सुटले. पवनचक्क्यांच्या लहरी, धरणाचं पाणी, मागणीची संध्याकाळची चढण, पहाटेची दरी. शहरात अशा हजार गाड्या असल्या आणि त्या सगळ्या संध्याकाळीच लावल्या तर आमचं जाळं कोसळेल. पण त्याच गाड्या योग्य वेळी लावल्या तर वाया जाणारा वारा त्यांच्या पोटात साठेल. आणि अडचणीच्या वेळी त्यातली थोडी वीज परतही घेता आली तर? ती मधे मधे विचारत होती, नेमकं विचारत होती. अम्मांनी आतून तीनदा हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी माझ्या काट्याची गोष्ट ऐकत होतं. दुसऱ्याच दिवशी मंजिरीनं वायरवर एक घड्याळाचं बटण बसवलं, आणि व्हॅन आपोआप मध्यरात्रीनंतर चार्ज व्हायला लागली. घरातले दिवे पुन्हा मंद झाले नाहीत.

मी त्या संध्याकाळी सुखी होते. हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच जास्त लागलं.

रामनवमी झाली. घराघरांतून गुळाचं पानक आणि भिजल्या मूगडाळीची कोसंबरी वाटून झाली. त्यानंतर मंजिरीच्या कार्यशाळेनं गाडी लोकांना दाखवायचा कार्यक्रम ठरवला. जागा आमच्याच जे. पी. नगरातलं एक कल्याण मंटप, म्हणजे मंगल कार्यालय, वेळ सकाळी अकराची. मोठे पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार, गाडीला पैसा लावू शकतील अशी माणसं येणार. कार्यशाळा चालणार की बंद पडणार, ते त्या सकाळवर अवलंबून होतं. आणि वर्तमानपत्रात छापलेल्या पाळीप्रमाणे अकरा वाजता जे. पी. नगरची वीज जाणार होती.

त्या सकाळी मी ड्यूटीवर निघाले तेव्हा अम्मा दारापर्यंत आल्या. त्या कधी येत नसत. "सुधा, आज आपल्या बाजूचा करंट काढू नको गं."

"अम्मा, तसं माझ्या हातात नसतं. पाळी असते."

"तू मनावर घेतलंस तर होतं," त्या म्हणाल्या. श्रीधर पेपरमागून म्हणाले, "स्वल्प बघ, जमलं तर." रघू नुसता माझ्याकडे बघत राहिला. आणि मंजिरी? ती आरशासमोर उभी राहून वेणी घालत होती. मला म्हणाली, "अक्का, डबा विसरू नका." एवढंच. तिनं मागितलंच नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मी वाटभर त्याचाच विचार करत होते. तिनं एकदा 'प्लीज अक्का' म्हटलं असतं तर? तर मी तिला नियम सांगितला असता, की तिच्यासाठी नियम मोडला असता? निदान तिला माझ्याकडून काहीतरी हवं आहे, एवढं तरी मला मिळालं असतं.

दहा वाजून गेले तसा काटा वर यायला लागला. नंजुंडप्पा सरांनी टेकडीवरचा फोन ठेवला आणि आनंदानं ओरडले, "अळिय बंदिद्दाने, सुधा!" जावईबापू आले होते. चैत्रात, भर सकाळी, न बोलावता. वारा चांगला लागला होता आणि चक्क्या जोरात फिरत होत्या. सर म्हणाले, "आज अकराच्या पाळीतला एक फीडर सोडता येईल. दोनच आहेत. जे. पी. नगर आणि तिकडचा बेळ्ळंदूर-सर्जापूर रोडच्या गावांचा. कुठला ठेवायचा ते तूच ठरव. मी चहा घेऊन येतो."

इतक्या वर्षांत मला असं दान कधी हातात मिळालं नव्हतं. एका बाजूला माझं घर, माझी सासू, माझा नवरा, कल्याण मंटपात फिरणारे पंखे आणि व्यासपीठावर उभी माझी जाऊ. दुसऱ्या बाजूला खेडी. त्या गावांच्या पाण्याच्या टाक्या सकाळीच भरायच्या, आणि आदल्या दिवशी नाइलाजानं त्यांची वीज दोनदा गेली होती. पाण्याची ओरड आमच्यापर्यंत आली होती. न्याय कुठल्या बाजूला होता, ते शाळेतल्या मुलालाही कळलं असतं.

मी फोन उचलला आणि सांगितलं, "जे. पी. नगर बंद करा."

"सरी मॅडम," पलीकडचा आवाज म्हणाला. नकाशावरचा एक दिवा विझला.

मी बरोबर केलं. त्या वेळी तसं वाटलं आणि आजही वाटतं. पण फोन ठेवताना माझ्या मनात जे हललं, ते नुसतं समाधान नव्हतं. न्याय आणि हेवा त्या दिवशी एकाच बाजूला उभे होते. हात कुणी हलवला, ते मला सांगता येत नाही. दोघांची बोटं एकात एक अडकली असतील तर ती सोडवायची कशी? त्या गावच्या बायकांना पाणी मिळालं, हे खरं. पंखा बंद पडलेल्या सभागृहात मंजिरीच्या कपाळावर घाम आला असेल, हे चित्र मी दुपारभर मनातल्या मनात पुन्हा पुन्हा पाहिलं, हेही खरं.

दुपारी घरी आले तर कुणी नव्हतं. मी चहा केला, तो निवला. सगळे येतील, तोंडं उतरलेली असतील, अम्मा माझ्याशी बोलणार नाहीत, तेव्हा काय म्हणायचं याची मी तयारी करत होते. पाणी, टाक्या, पाळी, नियम. सगळी उत्तरं ओळीनं लावून ठेवली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत गेट वाजलं. आधी हसणं ऐकू आलं. अम्मांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, श्रीधरांच्या गळ्यात, देव जाणे का, हार होता. अम्मांनी आत येऊन माझे दोन्ही हात धरले.

"करंट काढलास ते किती बरं झालं गं!"

मला काही कळेना. मग चौघंही एकदमच सांगायला लागले. अकराला दिवे गेले. पंखे थांबले. माइक बंद. पाहुणे कागदांनी वारा घेत एकमेकांकडे बघायला लागले, कुणीतरी उठलंसुद्धा. तेव्हा मंजिरी खाली उतरली, दाराशी उभ्या असलेल्या व्हॅनपाशी गेली, आणि तिनं गाडीतून आलेली एक वायर सभागृहाच्या बोर्डाला जोडली. बॅटऱ्यांतली वीज घरगुती वापराची करणारा एक खोका त्यांनी कार्यशाळेत बनवला होता. माइक खरखरला. व्यासपीठावरचे पंखे फिरायला लागले. बाहेर सगळ्या रस्त्याची वीज बंद, जनरेटरची धडधड कुठंच नाही, आणि आत उजेड. मंजिरी माइकवर म्हणाली, "ही गाडी विजेवरचं ओझं नाही, ही विजेची टाकी आहे." टाळ्या थांबेनात म्हणे. मग पाहुणे चढाओढीनं गाडीत बसले.

मी पायरीवर जे तासभर बोलले होते, ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. ती चोरी नव्हती. बोलताना ती म्हणाली होती की हे मला माझ्या जावेनं शिकवलं. ते रघूनं मला दोनदा सांगितलं. वर्तमानपत्रानं ते छापलं नाही, पण तो तिचा दोष नव्हता. दोष असता तर मला किती बरं वाटलं असतं!

पेढे वाटून झाल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "तो खोका आधीच नेऊन ठेवला होतास?"

"हो. पाळी तर छापलेलीच होती. कार्यक्रमाची वेळ मुद्दामच अकराची घेतली."

"आणि वीज गेलीच नसती तर? ऐन वेळी पाळ्या बदलतात. सगळे घरचे मला सांगत होते, ते तूही ऐकलंस."

ती पातेलं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही ड्यूटीवर असताना? छे. तुम्ही आपल्या घरासाठी पाळी चुकवणार नाही, हे मला माहीत होतं. तेवढ्याच भरवशावर तर सगळं ठरवलं."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. सकाळी त्या फोनपाशी माझी जी घालमेल झाली होती, तिचा निकाल या मुलीनं आधीच गृहीत धरला होता. माझा प्रामाणिकपणासुद्धा तिच्या कार्यक्रमातला एक भाग होता, टेबल-खुर्च्यांसारखा. तिचा दिवस बिघडवायचा असता तर मला एकच गोष्ट करता आली असती. तिच्यावर उपकार करून वीज चालू ठेवायची. असा कोंडीत सापडलेला हेवा कुणी केला असेल असं मला वाटत नाही. आणि ती माझ्यावर एवढा विश्वास टाकते, म्हणून डोळ्यांत पाणीही येत होतं.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखीच आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो छापून आले, पण गाड्या घ्यायला कुणी पुढे आलं नाही. पेट्रोल मिळत होतं, बॅटऱ्या जड होत्या, आणि लोकांना गाडीचा आवाज हवा होता. दोनेक वर्षांनी पत्र्याच्या शेडला कुलूप लागलं. मंजिरी तिथली आपली चहाची किटली आणि स्क्रूड्रायव्हरांचा डबा घेऊन घरी आली. अम्मा रडल्या. श्रीधरांनी तिला जवळ बसवून सांगितलं की काळाच्या पुढे असणाऱ्यांचं असंच होतं. गल्लीतले लोक येऊन हळहळून गेले. मी तिच्यासाठी गरम हुळी-भात, आमचा आमटी-भात, वाढला आणि मनात आलं, हिचं अपयशसुद्धा सांगण्यासारखं आहे. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी काटा असा घसरला होता की दक्षिणेतली सगळी राज्यं अंधारात जाणार होती. शिफ्टवरच्या आम्ही तिघांनी फोनवर ओरडून ओरडून, घसा बसेपर्यंत, ते थोपवलं. घरी आल्यावर श्रीधरांनी विचारलं, "आवाजाला काय झालं?" मी म्हटलं, "जरा काम होतं आज." न घडलेल्या अंधाराची गोष्ट कशी सांगायची?

रघूला परदेशात नोकरी लागली, आणि ती दोघं गेली. अम्मा गेल्या. मी निवृत्त झाले. मंजिरी तिकडे दुसऱ्याच कसल्या क्षेत्रात गेली आणि तिथंही तिचं चांगलंच झालं. गेल्या वर्षी ती दोघं परत आली आणि त्यांनी सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला. नाचणीच्या शेतांच्या जागी आता तिथं मजल्यावर मजले आहेत.

परवा युगादीचं जेवायला मी तिच्याकडे गेले होते. निघताना ती मला सोडायला खाली आली. तळघरात गाड्यांची रांग होती. त्यांतल्या कितीतरी भिंतीवरच्या खोक्यांना जोडलेल्या, आणि प्रत्येक खोक्यावर एक हिरवा ठिपका. एक तरुण मुलगा आपल्या गाडीची वायर लावत होता. नागपूरचा. मंजिरीचा शेजारी. आम्ही थांबून बघतोय म्हटल्यावर त्यानं आपण होऊन समजावायला सुरुवात केली.

"आँटी, यात इंजिनच नसतं. कम्प्लीट बॅटरीवर चालते. आणि चार्जिंग एनी टाइम नाही करायचं बरं का. ग्रिडवर लोड कमी असतो तेव्हा करायचं. ॲपमध्ये टायमिंग सेट करून टाकायचं, की झालं. पुढे तर गाडीतली वीज परत ग्रिडला पण देता येणार आहे. एकदम नवी टेक्नॉलॉजी आहे."

"हो का?" मंजिरी म्हणाली. "छानच की."

ती खरंच कौतुकानं ऐकत होती. मला ते सहन झालं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. जिच्या कौतुकानं मी इतकी वर्षं करपत आले, तिला कुणी ओळखत नाही, हे बघून माझाच अपमान झाल्यासारखं झालं. मी पुढे झाले.

"अरे बाबा, ही टेक्नॉलॉजी हिनं केलीय. तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा. इथंच, या रस्त्याच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. हिरव्या रंगाची व्हॅन होती. जे. पी. नगरच्या मंटपात अकराला वीज गेली, तेव्हा ही व्यासपीठावरून उतरली, उजव्या बाजूच्या पायऱ्यांनी. अबोली रंगाची इरकल नेसली होती, पदर खोचला. वायर पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. माइक एकदा किंचाळला तेव्हा ही हसली आणि म्हणाली, 'माफ करा, गाडीलाही पहिल्यांदाच भाषण करायचंय.' तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मग सगळे उठले..."

तो मुलगा हातातली वायर तशीच धरून बघत राहिला. मंजिरीही माझ्याकडे बघत होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर त्या दिवशी तिथं नव्हता. ड्यूटीवर होता ना?"

"होते."

रघूकडून, अम्मांकडून, श्रीधरांकडून, समोरच्या इस्त्रीवालीकडून, मिळेल त्याला खोदून खोदून विचारून मी ती सकाळ तुकड्या-तुकड्यानं जमवली होती. ते तिला सांगायचं मला धैर्य झालं नाही.

"व्हॅन हिरवी होती?" तिनं विचारलं. ती खरंच आठवून बघत होती. मग हसून तिनं मान हलवली. "मला आता काहीसुद्धा आठवत नाही हो. चला, तुमची रिक्षा आली असेल."

ती माझा हात धरून पुढे चालायला लागली. मोकळी, हलकी, पायांखाली बघायचीही गरज नसल्यासारखी. ती विसरून गेली होती. एवढं सगळं तिचं असून ती ते सहज विसरून गेली होती. तिच्या कौतुकाचा, तिच्या भाषेचा, तिच्या अपयशाचासुद्धा मी हेवा केला होता, पण त्या क्षणी वाटला तसा कधी वाटला नव्हता.